न केलेल्याचे फळ

कर्मसिद्धान्तावरून भारतीय दर्शनांमध्ये जे वाद झाले, त्यांत दोन दोषांची नावे वारंवार येतात. केलेले कर्म फळ न देताच वाया जाणे हा कृतनाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ माथी येणे हा अकृताभ्यागम. प्रतिपक्षाची उपपत्ती मान्य केली तर या दोहोंपैकी एक दोष ओढवतो, एवढे दाखवले की वाद जिंकल्यात जमा. नैयायिकांनी आणि जैनांनी बौद्धांच्या क्षणिकवादावर हेच अस्त्र चालवले. पाप करणारा क्षण संपला, भोगणारा क्षण दुसराच. मग एकाच्या करणीचे फळ दुसऱ्याने का भोगावे? बौद्धांनीही आपल्या परीने उत्तर दिले. पण करणारा एक आणि भोगणारा दुसरा हा अनर्थ आहे, आणि विश्वाच्या व्यवस्थेत त्याला जागा असता कामा नये, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. आमांशाच्या जिवाणूंवर गेल्या सव्वाशे वर्षांत जे संशोधन झाले, ते या एकमताच्या मुळावर येते. करणारा एक आणि भोगणारा दुसरा असे घडते, रोज घडते, आणि कसे घडते याची कडी न् कडी आज ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न असा की ज्याने काही केले नाही त्याच्या माथी आलेल्या या फळाला धर्मविचाराने काय म्हणावे, आणि ते फळ ज्यांच्या हातून निघाले त्यांचा त्याच्याशी कोणता संबंध मानावा.

आधी पुरावा पाहू. १८९७ साली जपानात आमांशाची मोठी साथ आली. ९० हजारांवर लोक आजारी पडले आणि त्यांतले २० टक्क्यांहून अधिक दगावले. जिवाणुशास्त्रज्ञ कितासातोंच्या संस्थेत काम करणाऱ्या कियोशी शिगा या तरुण डॉक्टराने रुग्णांच्या शौचातून एक जिवाणू वेगळा काढला. बऱ्या होत असलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात तो मिसळला की त्याच्या गुठळ्या होतात, हे दाखवून त्याने रोगाचे कारण पक्के केले. पुढे या कुळाला त्याचेच नाव मिळाले: शिगेला. हा जिवाणू माणसाखेरीज फारसा कुठे राहत नाही. गायीगुरांत, पाखरांत त्याचा साठा नाही. वानरकुळातले काही प्राणी सोडले तर तो फक्त आपला आहे. एका माणसाच्या शौचातून दुसऱ्याच्या तोंडात, एवढाच त्याचा प्रवास. त्यासाठी १० ते १०० जिवाणूही पुरतात, म्हणजे धुतल्यासारखे वाटणारे हात, माशी बसलेला घास किंवा अंगणात खेळणाऱ्या पोराची बोटे. आतड्याच्या अस्तरात शिरून तो पेशीमागून पेशी पोखरत जातो, आणि मग पोटात मुरडा, ताप आणि रक्ताची आव. वंशशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर शिगेला हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या ई. कोलायचाच एक बिघडलेला भाऊबंद आहे. हे नाते ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आमांशावर सल्फाच्या गोळ्या सर्रास दिल्या जाऊ लागल्या. पाच-सात वर्षांत बहुतेक जिवाणू त्यांना दाद देईनासे झाले. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल आली. एकेका औषधाला जिवाणू सरावतात हे तोवर माहीत होते. त्याचे स्पष्टीकरण असे की कोट्यवधींत एखाद्याच्या गुणसूत्रात योगायोगाने बदल होतो आणि औषधाच्या माऱ्यात तोच तेवढा तगतो. पण पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला चारही औषधांना एकाच वेळी न जुमानणारे शिगेला सापडू लागले. चार स्वतंत्र योगायोग एकाच जिवाणूत जुळणे जवळजवळ अशक्य. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की एकाच साथीत, कधी तर एकाच रुग्णाच्या शौचात, सगळ्या औषधांनी मरणारा शिगेला आणि एकाही औषधाने न मरणारा शिगेला शेजारी शेजारी मिळत. आणि त्याच रुग्णाच्या आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलायही नेमका त्याच चार औषधांना दाद देत नसे.

१९५९ साली ओचिआई आणि अकिबा या दोन जपानी संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे कोडे सोडवले. प्रयोग दिसायला अगदी साधा होता. औषधाला न जुमानणारा ई. कोलाय आणि औषधाने मरणारा शिगेला एकाच नळीत एकत्र वाढवायचे, आणि नंतर ते मिश्रण औषध घातलेल्या खाद्यावर पसरून शिगेलाच्या वसाहती उगवतात का ते पाहायचे. त्या उगवल्या, आणि चारही औषधांविरुद्धची ताकद घेऊन उगवल्या. ई. कोलाय वाढलेले पाणी गाळून, जिवाणू काढून टाकून, नुसता गाळीव द्रव शिगेलात घातला तर मात्र काहीच होत नसे. जिवाणूला जिवाणूचा स्पर्श व्हावा लागे. गुणसूत्राबाहेर असलेली डीएनएची एक छोटी कडी एका पेशीतून दुसरीत जाते, आणि चारही औषधांची तोड त्या एका कडीवर असते. शेजारणीला विरजण द्यावे तसे हे आहे: देणारीचे काही कमी होत नाही, आणि घेणारीच्या घरी दही कायमचे सुरू होते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली या सगळ्या कामाचा आढावा इंग्रजीत लिहिला आणि त्याला ‘संसर्गजन्य आनुवंशिकता’ असे नाव दिले, तेव्हा कुठे पश्चिमेतल्या प्रयोगशाळा खडबडून जाग्या झाल्या.

आता हा पुरावा कर्मविचारासमोर ठेवून पाहावा. कोणी एक माणूस सर्दी-पडशासाठी मेडिकलमधून कॅप्सूल घेतो. सर्दी विषाणूची, तिच्यावर या औषधाचा काही परिणाम नाही. पण त्याच्या आतड्यातल्या ई. कोलायवर आहे. औषधाने मरणारे मरतात, न मरणारे उरतात आणि वाढतात. त्या माणसाला काहीही होत नाही. तो ठणठणीत राहतो आणि कॅप्सूल घेतल्याचेही विसरतो. महिन्याभराने त्याच्या पोटात थोडे शिगेला जातात, एखादा दिवस पोट बिघडते आणि आपसूक बरे होते. तेवढ्या वेळात ती कडी ई. कोलायकडून शिगेलाकडे गेलेली असते. तिथून ती एका बाळाच्या पोटात पोहोचते. या बाळाने उभ्या आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्या आईनेही कदाचित नसेल. आणि नेमक्या त्याच बाळावर औषध लागू पडत नाही. कर्ता निरोगी आहे, त्याला काही भोगावे लागले नाही, हा कृतनाश. भोक्ता निष्पाप आहे, हा अकृताभ्यागम. शास्त्रकारांनी जे दोन दोष उपपत्ती खोडून काढण्यासाठी योजले, ते दोन्ही इथे एका आतड्यातून दुसऱ्या आतड्यात जाताना दिसतात. यात अतिशयोक्ती नाही. १९६९ पासून ग्वाटेमाला आणि आसपासच्या देशांत शिगाच्या जिवाणूची जी साथ पसरली, तीत हजारो माणसे गेली, आणि तो जिवाणू नेमका त्याच नेहमीच्या औषधांना न जुमानणारा होता. १९८४ साली पश्चिम बंगालमध्ये हाच जिवाणू साथीने आला. त्या वेळी नॅलिडिक्सिक अॅसिड हे औषध कामी आले, काही वर्षांत तेही निकामी झाले, आणि नंतर पूर्व भारतात सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही दाद न देणारे जिवाणू सापडले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९१५ ते २०११ या काळातले, ६६ देशांतले याच जिवाणूचे ३३१ नमुने जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिले गेले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला न जुमानणाऱ्या वंशाचा माग दक्षिण आशियात लागला.

इथे कर्मवादी पहिले उत्तर देईल ते ठरलेलेच: बाळाचे पूर्वजन्मीचे संचित. या उत्तराचा प्रतिवाद करायला आधुनिक विज्ञानाची गरज नाही, चरक पुरेसा आहे. चरकसंहितेतल्या विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गंगेकाठच्या कांपिल्य नगरीत, अग्निवेश पुनर्वसू आत्रेयांना हाच पेच घालतो. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळे, वय वेगळे. मग अख्खा जनपद एकाच वेळी एकाच रोगाने उद्ध्वस्त कसा होतो? उत्तरात आत्रेय प्रत्येकाच्या वेगवेगळ्या संचिताकडे बोट दाखवत नाहीत. वारा, पाणी, भूमी आणि काळ या सगळ्यांच्या सामाईक गोष्टी आहेत आणि त्या बिघडतात, असे ते म्हणतात. पुढे त्याच अध्यायात आयुष्य आधीच ठरलेले असते का, हा प्रश्न निघतो. त्याला दिलेले उत्तर असे की सगळेच ठरलेले असते तर जगू इच्छिणाऱ्यांनी औषधोपचार कशाला केले असते, पिसाळलेला बैल अंगावर आला तर वाट कशाला सोडली असती? दैव दुबळे असेल तर पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, त्याला मागे सारतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे कळले, ते आपल्यातल्या कित्येकांना अजून पचत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पूर्वजन्माच्या उत्तरात तार्किक उणीव अशी की ते कोणत्याही घटनेला लागू पडते, म्हणून कोणत्याच घटनेबद्दल काही सांगत नाही. नैतिक उणीव त्याहून मोठी: ते बाळालाच गुन्हेगार ठरवते, आणि कॅप्सूल विकणारा, घेणारा, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू देणारा, असे सगळे मोकळे सुटतात.

दुसरे उत्तर आधुनिक दिसते, पण त्याचा सांगाडा जुनाच आहे. माणसाने निसर्गावर अत्याचार केला, निसर्ग सूड घेतो आहे. औषधांचा माज केला, त्याची ही शिक्षा. वर्तमानपत्रांत ‘महाजंतू’ वगैरे मथळे येतात तेव्हा त्यांच्या खाली हाच सूर असतो. चरकालाही हा सूर सुटलेला नाही. वारा-पाणी बिघडण्याचे मूळ अधर्मात, आणि अधर्माचे मूळ प्रज्ञापराधात, म्हणजे कळत असून चुकीचे वागण्यात, असे तो म्हणतो. अधर्माची सुरुवात देशाच्या आणि नगराच्या धुरीणांपासून होते असेही म्हणतो. हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. पण सूडाची कल्पना पुराव्यापुढे टिकत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात आमांशाने मेलेल्या एका ब्रिटिश सैनिकाचा शिगेला जपून ठेवला गेला होता; इंग्लंडच्या राष्ट्रीय जिवाणुसंग्रहातला तो पहिल्या क्रमांकाचा नमुना. २०१४ साली त्याचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. पेनिसिलिनचा शोध लागण्याच्या तेरा वर्षे आधीचा हा जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नव्हता. कॅनडाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या जमिनीत ३० हजार वर्षांपूर्वीच्या डीएनएत टेट्रासायक्लिनसारख्या औषधांवरची तोड सापडली आहे. यांतली बरीच औषधे मुळात मातीतल्या बुरशांची आणि जिवाणूंचीच. त्यांची तोडही तितकीच जुनी. ज्या जगात माणसाने एकही पाप केलेले नव्हते तिथे हे दंड तयार होते, असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणणे म्हणजे दंड या कल्पनेलाच रजा देणे. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली मखमलीच्या कापडाने एका बशीतल्या वसाहतींचा ठसा उचलून औषधाच्या बशीत उमटवला. औषधाच्या बशीत ज्या जागी जिवाणू तगले, मूळ बशीतल्या त्याच जागच्या जिवाणूंनी कधी औषध पाहिलेही नव्हते, तरी ते आधीपासूनच सक्षम होते. म्हणजे जिवाणू माणसाच्या वागण्याला उत्तर देत नाहीत. कोणी उत्तर देत नाही, कोणी हिशेब ठेवत नाही.

मग माणसाचा संबंध काय? तो आहे, आणि तोही पुराव्यानेच सिद्ध होतो. प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळात मरे या जिवाणुशास्त्रज्ञाने जमवलेले जिवाणू १९८३ साली ह्यूजेस आणि नेओमी दत्ता यांनी तपासले. जिवाणूंत देवघेव करणाऱ्या त्या कड्या तेव्हाही भरपूर होत्या. औषधांविरुद्धची जनुके त्यांच्यावर जवळजवळ नव्हती. वाहन जुने, माल नवा, आणि मालाला गिऱ्हाईक आपल्या औषधांच्या वापराने मिळाले. आपण ही शक्ती निर्माण केली नाही, तिला निवडले, आणि निवडताना निवडतो आहोत याची बहुतेकांना कल्पनाही नव्हती. पाप म्हणावे तर हेतू नाही. योगायोग म्हणावा तर हात आपलाच आहे.

हेतूचा मुद्दा निघाला की बौद्ध मत पुढे येते, कारण कर्म म्हणजे मुळात चेतना, संकल्प, असे बुद्धांनी ठामपणे मांडले. याच विषयाला थेट भिडणारी एक कथा महापरिनिब्बान सुत्तात आहे. पावा गावच्या चुंद लोहाराने बुद्धांना जेवू घातले, आणि त्यानंतर त्यांना रक्ताच्या आवेचा जीवघेणा आजार झाला. जेवणातला तो पदार्थ नेमका कोणता, याची चर्चा गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी आपल्या मराठी ‘भगवान बुद्ध’मध्ये केली आहे आणि तीवरून वादही झाला; आजार अन्नामुळे झालाच नाही, नुसता त्यानंतर झाला, असे प्राचीन अट्ठकथा म्हणते. ते काहीही असो. मरणापूर्वी बुद्ध आनंदाला बजावतात की चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनात पश्चात्ताप उरू देऊ नये. त्याचे ते अन्नदान संबोधीपूर्वी मिळालेल्या भोजनाइतकेच पुण्याचे आहे. हेतू शुद्ध, म्हणून कर्ता निर्दोष. ही क्षमा मोठी आहे यात शंका नाही, आणि आपल्या गावातल्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरालाही ती लागू व्हावी असे मला वाटते. शौचाबरोबर रक्त पडणारे, डोळे खोल गेलेले बाळ समोर असताना तो प्रतिजैविक देतो, आणि ते द्यायलाच हवे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शनही रक्ताची आव असलेल्या मुलाला औषध द्या असेच सांगते. हा औषधाचा गैरवापर नव्हे. तरीही त्या योग्य डोसानेही उरलेल्या जिवाणूंची निवड होतेच. कृती निर्दोष आणि फळ कडू, असा हा मामला आहे. गैरवापर थांबवला तर या निवडीचा वेग कमी होईल, ती थांबणार नाही.

पण चुंदाच्या कथेतला दुसरा तपशील लोक सहसा विसरतात. जेवतानाच बुद्ध चुंदाला सांगतात की हा पदार्थ फक्त मला वाढ, भिक्खूंना दुसरे वाढ, आणि उरलेला खड्ड्यात पुरून टाक. दोष कोणाचा हा एक प्रश्न, आणि ते अन्न आणखी कोणाच्या पोटात जाऊ नये याची व्यवस्था हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी दुसरा संपत नाही. संकल्पाला सर्वस्व मानणाऱ्या नीतीची अडचण अशी की ती पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबते. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’वरही हा आक्षेप घेता येतो. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला, त्या सैनिकाचा जिवाणू जपून ठेवला गेला त्याच वर्षी. बेंथॅम-मिल यांच्या सुखाच्या हिशेबाला विरोध करताना टिळकांनी बाह्य परिणामापेक्षा कर्त्याची बुद्धी श्रेष्ठ मानली. व्यक्तीला जोखताना हे बरोबर आहे. पण ‘माझी बुद्धी शुद्ध होती’ म्हणणारे एक कोटी लोक मिळून एक औषध संपवतात, तेव्हा तपासायला एकही अशुद्ध बुद्धी सापडत नाही. टिळकांची बाजू घेणारा म्हणेल की लोकसंग्रह हा गीतेचाच शब्द आहे, आणि साम्यबुद्धीच्या माणसाला दूरच्या बाळाचे सुख आपल्याइतकेच वाटते. मान्य. पण त्या बाळापर्यंत आपली कॅप्सूल कशी पोहोचते, हे कळल्याशिवाय साम्यबुद्धी करणार काय? १९५९ पूर्वी हे कोणालाच ठाऊक नव्हते. आता आहे, आणि ठाऊक झाल्यानंतर शुद्ध बुद्धीच्या अटी बदलतात.

माझे म्हणणे असे की या जागी पाप-पुण्याचा हिशेब गैरलागू आहे आणि परंपरेतलीच दुसरी कल्पना लागू आहे: ऋण. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. शतपथ ब्राह्मणात मात्र जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी, आणि देव, ऋषी, पितर यांच्याबरोबर मनुष्यांचेही ऋण मोजलेले आहे. यात दोन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. एक, ऋणासाठी गुन्हा करावा लागत नाही. जन्मलो, दुसऱ्यांनी साठवलेले वापरले, एवढे पुरे. दोन, पितृऋण पितरांना फेडायचे नसते, ते संततीच्या रूपाने पुढच्यांना फेडायचे असते. घेतले एकाकडून आणि द्यायचे तिसऱ्यालाच, ज्याच्याशी आपला व्यवहार कधी झालाच नाही. गेल्या ऐंशी वर्षांत ज्याने ज्याने प्रतिजैविक घेतले त्याची स्थिती हीच आहे. जिवाणू औषधाने मरतात हा एक सामाईक साठा होता, त्यातून प्रत्येक बरा झालेला माणूस थोडे खर्च करून बसला. त्याने चूक केली नाही. पण त्याच्याकडे देणे निघते, आणि घेणारे कोण ते त्याला कधी कळणार नाही. अकृताभ्यागम हा कर्मसिद्धान्तात दोष होता. ऋणाच्या विचारात तो दोष राहत नाही, माणसाची मूळची अवस्था होते.

यावर खरा आक्षेप असा की ऋणाची भाषा गरिबाच्याच गळ्यात पडते. दोन दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून दोनच कॅप्सूल घेणाऱ्या मजुराला आपण ऋणको म्हणायचे? जगात आजही कित्येक मुले औषध निकामी झाल्याने नव्हे, तर औषध मिळालेच नाही म्हणून मरतात. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर ऋणातच आहे: ज्याने जास्त घेतले त्याचे देणे जास्त. कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात औषध मिसळणारा, नळाला स्वच्छ पाणी असूनही दर खोकल्याला अॅझिथ्रोमायसिन घेणारा शहरी मध्यमवर्ग, यांची नोंद आधी व्हावी. अमेरिकेत २०१५ साली नेहमीच्या सर्व औषधांना न जुमानणाऱ्या शिगेलाचे प्रमाण शिगेलाच्या संसर्गांत शून्य टक्के होते आणि २०२२ साली ते पाच टक्के झाले. तिथे ना शौचालये कमी ना पाणी. मजुराचे देणे सगळ्यांत कमी, आणि त्याच्या वस्तीला शौचालय आणि नळ नसेल तर त्याचे समाजाकडे येणेच निघते.

दुसरा आक्षेप आपल्याला जास्त बोचणारा. स्वच्छता हे ऋण फेडण्याचे साधन म्हणाल, तर या देशात शुचितेचा विचार थोडा का झाला? सोवळे-ओवळे, आंघोळ, हात-पाय धुणे यांचे एवढे शास्त्र असून आमांश घरोघर कसा? कारण ती शुचिता माणसाला चिकटलेली होती, मैल्याला नव्हे. मैला कुठे जातो याचा विचार करण्याऐवजी तो कोणी वाहायचा एवढे ठरवले, आणि वाहणाऱ्याला लांब ठेवले. महाडच्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. ही उलटापालट १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी जगासमोर उघडी केली. शिगेला गुरांकडून येत नाही, माणसाकडून येतो, आणि माणसाची जात पाहून येत नाही. गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावचा उकिरडा झाडत तेव्हा देवळातल्या शुचितेपेक्षा त्यांना रोगाचे गणित अधिक कळलेले होते. ऋणाचा विचार करताना शुचितेची ही जुनी वाट टाळायलाच हवी. बरे, स्वच्छ पाणी आले म्हणजे सगळे निर्मळ झाले असेही नाही. दूषित पाण्यातला प्लेसिओमोनास नावाचा एक जिवाणू शिगेलाच्या सोनेई या जातीशी बाहेरून इतका सारखा असतो की त्याच्याशी झालेल्या ओळखीतून शरीराला सोनेईविरुद्ध थोडे संरक्षण मिळत असावे, आणि पाणी सुधारते तसे ते जात असावे, असा काही संशोधकांचा तर्क आहे. सुधारलेल्या देशांत सोनेईच जास्त दिसतो, एवढे खरे. फेडतानाही नवे देणे निघते, आणि म्हणून पाणी सुधारू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

फेड कशी असते ते एका अगदी लहान गोष्टीत पाहता येते. आव पडणाऱ्या रुग्णाच्या शौचाचा नमुना घेऊन तो तपासणीसाठी वाढवणे. शिगेला शरीराबाहेर चटकन मरतो, म्हणून नमुना तासाभरात बशीवर पसरावा लागतो, नाहीतर खास माध्यमात थंड ठेवून न्यावा लागतो. मॅकाँकी अगर या खाद्यावर रात्रभर ३७ अंशांना ठेवल्यावर ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात; त्यांच्यामध्ये एखादी फिकट, रंगहीन वसाहत शोधायची, ती उचलून ओळख पटवायची, मग दुसऱ्या बशीवर पसरून औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीची मोकळी कड पट्टीने मोजायची. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टराने अंदाजाने औषध दिलेले असते. बाळ बरे होऊन घरी गेलेले असते, किंवा मोठ्या रुग्णालयात हलवलेले असते, किंवा त्याहून वाईट. ज्याच्या नमुन्यावर एवढे काम झाले त्याला त्या अहवालाचा बहुधा उपयोग होत नाही. तो उपयोगी पडतो त्या तालुक्यात पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्या बाळाला, कारण तेव्हा कोणते औषध आधी द्यावे हे कळलेले असते. म्हणून या तपासणीचा खर्च रुग्णाच्या घरच्यांकडून मागणे मला गैर वाटते. त्यांना त्यातून काहीच मिळायचे नाही. आणि म्हणूनच ती होत नाही. बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत अशा वाढवणीची सोय नाही, आणि जिथे आहे तिथेही आमांशाचा नमुना क्वचितच पाठवला जातो, कारण पाठवणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि ज्याचा तो घेतला त्याला, तिघांनाही त्यात फायदा दिसत नाही. चरकाने म्हटले तसे सुरुवात नगराच्या धुरीणांपासून धरायची, तर जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात या बशांसाठी, चकत्यांसाठी आणि त्या मोजणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या पगारासाठी तरतूद आहे की नाही, तिथून धरावी.